कबुलीजबाबाचा व्यापार

मासिक हातीं पडलें म्हणजे जाहिरातींचीं पानें न वाचतां उलटावयाचीं, हा सुशिक्षित घरांतला जुना परिपाठ आहे. मुलें मात्र तींच पानें आधीं पाहतात, आणि घरांत साबण कोणता यावा याचा निकाल पुष्कळदां तींच लावतात. ज्या पानांकडे आपण लक्ष देत नाहीं असें म्हणतों, त्यांचाहि इतिहास आहे. त्यांतील एक प्रकरण, न्यूयॉर्क येथील डॉइल डेन बर्नबाख या पेढीचें, आज वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा मानस आहे. ही पेढी १९८६ सालीं ओम्निकॉम या मोठ्या व्यापारी समूहाचा भाग झाली. मुद्रा या भारतीय संस्थेच्या नांवाशीं २०११ पासून तिच्या नांवाचीं अक्षरें जोडलीं गेलीं. आणि २०२५ च्या डिसेंबरांत हें नांवच बंद करण्याचा निर्णय त्या समूहानें जाहीर केला. तेव्हां तिचा इतिहास लिहावयास आतां हरकत नाहीं.

पेढी निघाली १ जून १९४९ रोजीं. नेड डॉइल यांनीं गिऱ्हाइकें सांभाळावीं, मॅक्सवेल डेन यांनीं कारभार पाहावा व विल्यम बर्नबाख यांनीं जाहिराती घडवाव्या, अशी वांटणी होती. तिघांच्या नांवांमध्यें स्वल्पविराम नव्हता. आमच्यांत कांहींच आड येऊं नये, विरामचिन्हहि नको, असें त्याचें कारण बर्नबाख सांगत. १९११ सालीं एका यहुदी कुटुंबांत जन्मलेले हे गृहस्थ पूर्वीं ग्रे नांवाच्या पेढींत होते. तेथें असतांना १९४७ मध्यें त्यांनीं वरिष्ठांस एक पत्र लिहिलें. मोठेपणाच्या सांपळ्यांत सांपडून आपण तंत्राची पूजा करूं लागलों आहों. मन वळविणें हें शास्त्र नसून कला आहे, असा त्याचा आशय. दोन वर्षांनीं ते बाहेर पडले.

त्या काळीं रीत अशी होती कीं, लेखकानें मजकूर लिहून चित्रकाराकडे धाडावा व त्यानें उरल्या जागेंत चित्र बसवावें. कीर्तनकार एका गांवीं आणि मृदंग दुसऱ्या गांवीं, असा तो प्रकार. बर्नबाख यांनीं पूर्वीं पॉल रँड या चित्रसंयोजकाच्या शेजारीं बसून काम केलें होतें. तोच पाठ त्यांनीं नव्या पेढींत गिरविला व दोघांस एका खोलींत बसविलें. फळ काय झालें तें एल् अल या इस्रायली विमानकंपनीच्या १९५७ च्या जाहिरातींत दिसतें. समुद्राचें छायाचित्र एका कडेनें कागदासारखें फाडून गुंडाळलेलें, आणि खालीं मजकूर असा कीं, २३ डिसेंबरपासून अटलांटिक महासागर वीस टक्क्यांनीं लहान होणार. चित्र काढून घेतलें तर वाक्य वेड्याचें वाटेल. वाक्य काढून घेतलें तर चित्र मुकें.

पण पेढीचें नांव झालें तें १९५९ सालीं हातीं आलेल्या फोक्सवागेन मोटारीमुळें. तेव्हांची अमेरिकन मोटार म्हणजे शेपटीला पंख फुटलेला, चकचकीत पट्ट्यांनीं मढविलेला राजवाडाच. ही गाडी लहान, कासवाच्या पाठीची, आणि तिचें इंजिन मागें. तरी खरी अडचण रूपाची नव्हती. ही गाडी हिटलरच्या इच्छेनें जन्मली. फेर्डिनांड पोर्श यांनीं ती आंखली. कारखान्याची कोनशिला १९३८ च्या मे महिन्यांत खुद्द हिटलरच्या हस्तें बसली. युद्धकाळांत तेथें लष्करी सामान निघूं लागलें, आणि तें काढण्यासाठीं युद्धकैदी, परदेशांतून धरून आणलेले मजूर व छळछावण्यांतील यहुदी राबविले गेले. युद्ध संपून चौदाच वर्षें झालीं होतीं. आणि न्यूयॉर्कमध्यें ही मोटार विकण्याचें काम पत्करलें तें जिचा मुख्य कर्ता यहुदी होता अशा पेढीनें.

हेल्मुट क्रोन या चित्रसंयोजकाचे आईबाप जर्मनींतून आलेले. ज्युलियन कोनिग हा लेखक. दोघांनीं जवळजवळ सारें पान कोरें ठेवलें, वर कोपऱ्यांत इवलीशी मोटार काढली, आणि लहान विचार करा असा सल्ला दिला. पुढच्या वर्षीं त्याच मोटारीच्या ठळक चित्राखालीं एकच शब्द आला : लिंबू. अमेरिकन बोलींत नवी घेतलेली पण सदोष निघालेली वस्तु म्हणजे लिंबू. कोणता दुकानदार आपल्या मालास असें म्हणेल? बारीक मजकूर वाचावा तों उलगडा होई : समोरच्या कप्प्यावरील पट्टीला डाग दिसल्यामुळें ही गाडी तपासनिसानें नाकारली, वूल्फ्सबुर्गच्या कारखान्यांत ३३८९ माणसें केवळ तपासणीसाठीं आहेत. अॅडव्हर्टायझिंग एज या व्यवसायपत्रानें १९९९ मध्यें फोक्सवागेनच्या या मोहिमेस शतकांतील पहिला क्रमांक दिला.

तो मान रास्तच आहे. परंतु हें पान पुन्हां पुन्हां पाहतांना आमच्या मनांत एक गोष्ट सलते. पट्टीवरचा डाग येथें मोठ्या सरळपणानें कबूल केला आहे. त्याच कारखान्यांत पंधरा वर्षांपूर्वीं कोणाकडून काम करून घेतलें, याविषयीं अवाक्षर नाहीं. असावयाचें कारणहि नव्हतें, कोणी म्हणेल. जाहिरात म्हणजे कांहीं साक्षीपुरावा नव्हे. तें खरें. तथापि इतक्या प्रांजळ वाणीनें बोलणाऱ्यास दुसरें कांहीं सांगावयाचें राहिलें आहे, अशी शंका वाचकास येत नाहीं, आणि या वाणीचें खरें सामर्थ्य तेंच. हा डाव पेढीनें योजून टाकला असें आम्ही म्हणत नाहीं. विनयानें विश्वास मिळतो, एवढें तिनें ओळखलें होतें. १९६२ मध्यें तोट्यांत बुडालेल्या एव्हिस या भाड्याच्या मोटारींच्या कंपनीसाठीं पॉला ग्रीन या लेखिकेनें, आम्ही दुसऱ्या क्रमांकाचे म्हणून अधिक झटतों, असें लिहिलें आणि कंपनी नफ्यांत आली.

मग १९६४ सालीं राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या निवडणुकीचें काम आलें. ७ सप्टेंबरच्या रात्रीं दूरचित्रवाणीवर एक लहान मुलगी फुलाच्या पाकळ्या मोजीत खुडतांना दिसली. मोजतांना ती चुके. तिचा आवाज विरून पुरुषाचा आवाज आंकडे उलट मोजूं लागला, चित्र तिच्या डोळ्याच्या बाहुलींत शिरलें, आणि अणुबाँबचा स्फोट झाला. प्रतिपक्षाचे उमेदवार गोल्डवॉटर यांचें नांव त्यांत कोठेंहि नव्हतें. पाहणाऱ्यांनीं तें आपण होऊन भरलें. पैसे देऊन ही चित्रफीत एकदांच दाखविली गेली; गदारोळ झाल्यावर बातम्यांतून ती फुकट दिसूं लागली.