नाक्यावरचा मुखत्यार

दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्या माणसासाठी आपल्या भाषेत शब्दांची वाण नाही. मुखत्यार, वकील, गुमास्ता, अडत्या, दलाल, कारभारी असे कितीतरी शब्द आपण रोज वापरतो. यांतील पहिले तीन परदेशांतून आले आणि आपल्याबरोबर आपापला अर्थ घेऊन आले. मुखत्यार म्हणजे मूळ अरबीत निवडलेला. वकील म्हणजे ज्याच्यावर काम सोपविले तो. गुमास्ता म्हणजे फारसीत नेमलेला. निवडणे, सोपविणे आणि नेमणे या तीन क्रियांत एका माणसाने दुसऱ्यावर टाकलेल्या विश्वासाचा सारा इतिहास सामावलेला आहे. हा विश्वास जकातीच्या नाक्यावर जितका कसास लागला, तितका क्वचितच अन्यत्र लागला असेल. आजच्या भाषणात त्याच इतिहासाकडे थोडे निरखून पाहावयाचे आहे.

विषय वाटतो तितका जुनाट नाही. लखनौ शहराच्या इंदिरानगरात राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाला परदेशातील मुलाकडून पार्सल येते. ते घरी पोहोचण्यापूर्वी सीमाशुल्काच्या अधिकाऱ्यापुढे त्याची नोंद व्हावी लागते, किंमत ठरावी लागते, शुल्क भरावे लागते. कुटुंबातील कोणी त्यासाठी दूरच्या विमानतळावर जाऊन उभे राहत नाही. कुरिअर कंपनी ओळखीच्या कागदांबरोबर एक पत्र सही करून मागते. ‘आमच्या वतीने हे काम करण्यास आपणांस अधिकार देत आहोत,’ एवढाच त्या पत्राचा आशय. चार ओळींचे ते पत्र लोक सहसा न वाचता सही करून देतात. पण त्या चार ओळींच्या मागे दोन हजार वर्षांचा अनुभव आहे, आणि त्यात काही अनुभव फार महाग पडलेले आहेत.

नाका आला की ओळख पटविणे आले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराच्या वेशीजवळ शुल्कशाला आणि तिचा ध्वज उभारावा असे सांगितले आहे. तेथे चारपाच लेखनिकांनी व्यापारी कोण, कोठून आला, माल किती आणि त्यावर मुद्रा कोठे उमटविली, हे लिहून घ्यावयाचे. मालावर मुद्रा नसेल तर दुप्पट शुल्क आणि मुद्रा खोटी असेल तर आठपट दंड. आपल्या नाणेघाटाच्या माथ्यावरील दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठी होता, असे परंपरा सांगते. तेव्हा माल, मालक आणि मुद्रा या तिघांची सांगड घालणे हे राज्यसंस्थेचे फार पुरातन काम होय. मालक स्वतः हजर असेल तोवर ही सांगड सोपी असते. तो घरी बसला आणि माल दुसऱ्याच्या हातून निघाला, की खरा प्रश्न सुरू होतो.

मराठी राज्यात जकात हे केवळ उत्पन्नाचे साधन नव्हते, राजनीतीचेही होते. बारदेशातून येणाऱ्या स्वस्त मिठामुळे स्वराज्यातील कोकणी मिठाचा व्यापार बुडेल हे ओळखून शिवाजी महाराजांनी 1671 मध्ये कुडाळच्या नरहरी आनंदरावांस त्या मिठावर जबर जकात बसविण्याची आज्ञा केली, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. पुढे पेशवाईत जकातीची व्यवस्था विस्तारली तशी गुंतागुंतीचीही झाली. माल जेथे भरला तेथे थळभरीत, जेथे विकला तेथे थळमोड, आणि वाटेत ज्या ज्या परगण्यातून बैल चालले त्या त्या परगण्याची निराळी जकात. जकातीची मोजणी बहुधा बैलाच्या ओझ्यावर होई. मध्येच एखाद्या सरदाराची जहागीर लागली की नाक्यांत भर पडे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महसूल मक्त्याने देण्याची चाल वाढली, तेव्हा नाक्यावर बसलेला माणूस सरकारचा नोकर न राहता मक्तेदाराचा माणूस झाला. त्याला वर्षअखेर मक्त्याची रक्कम भरून वर नफा काढावयाचा असे. अशा वाटेने खानदेशातून कोकणात कापूस न्यावयाचा असेल, तर व्यापाऱ्याने धंदा करावा की प्रत्येक नाक्यावर हुज्जत घालीत बसावे?

या अडचणीतूनच महाराष्ट्रात एक वर्ग उभा राहिला. त्याचे नाव हुंडेकरी. हुंडा या शब्दाचा आज एकच अर्थ आपल्या मनात येतो, आणि तो लाजिरवाणा आहे. पण व्यापारी बोलीत हुंडा म्हणजे घाऊक ठराव. सुटासुटा हिशेब न करता सगळ्या कामाची मिळून एक रक्कम ठरविणे. माल अमुक गावाहून अमुक गावी पोहोचवावयाचा, वाटेतील सगळी जकात आपण भरावयाची, आणि त्याबद्दल व्यापाऱ्याकडून एकदाच ठरीव रक्कम घ्यावयाची, असा करार करणारा तो हुंडेकरी.

1818 मध्ये पेशवाई संपल्यावर दख्खनचा कमिशनर झालेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने 1819 मध्ये जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात या वर्गाचे वर्णन आले आहे. त्याचा सारांश असा, की जकातीचा त्रास फार म्हणून हे लोक एकरकमी पैसे घेऊन माल सबंध मुलखातून पार करून देण्याचे पत्करीत. निरनिराळ्या जिल्ह्यांतील जकातीच्या मक्तेदारांशी त्यांचे आधीच ठरलेले असे. ज्या मालाला ते परवाना देत, त्या मालाच्या जकातीबद्दल मक्तेदारांना तेच जबाबदार असत.

या शेवटच्या वाक्यावर थोडे थांबले पाहिजे, कारण या संस्थेचे मर्म तेथे आहे. हुंडेकऱ्याचा कागद नाक्यावर चालत असे तो त्याच्या नावाच्या दबदब्याने नव्हे, तर पैशाची जोखीम त्याने स्वतःच्या शिरावर घेतलेली असे म्हणून. एकीकडे व्यापाऱ्याने त्याला निवडलेले, दुसरीकडे मक्तेदाराने त्याला मानलेले. आणि तो दोघांनाही बांधलेला. परवाना देण्याचा अधिकार आणि जकात भरण्याची जबाबदारी या दोन गोष्टी एकाच माणसाच्या ठायी होत्या. म्हणूनच शेकडो कोसांवर, ओळखदेख नसलेल्या नाकेदारासमोर, त्याचा कागद दाखवून बैलांचा तांडा पुढे सरकू शकत होता.

आता याच्या उलट उदाहरण पाहू. ते बंगालमधले आहे, पण त्याची झळ अयोध्येच्या नबाबीपर्यंत पोहोचली.

1717 मध्ये बादशहा फर्रुखसियर याने ईस्ट इंडिया कंपनीला फर्मान दिले. सालिना तीन हजार रुपयांच्या मोबदल्यात कंपनीच्या मालाला बंगालमध्ये जकात माफ झाली. माल कंपनीचाच आहे हे नाक्यावर कळावे म्हणून कंपनीचा अधिकारी एक कागद देई, त्याला दस्तक म्हणत. दस्तक दाखविले की माल सुटे. दिसावयास ही हुंडेकऱ्याच्या परवान्यासारखीच गोष्ट. पण भेद मोठा होता. दस्तक देणाऱ्याला जकातीचा एक पैसाही भरावा लागत नसे. बुडे ती नबाबाची तिजोरी. प्लासीच्या लढाईनंतर, म्हणजे 1757 नंतर, कंपनीच्या नोकरांनी आपल्या खाजगी व्यापारासाठी दस्तके सर्रास वापरली. मीठ, सुपारी, तंबाखू यांसारख्या देशी मालाचा अंतर्गत व्यापारही त्याखाली चालू लागला. दस्तके इतरांना विकण्यापर्यंत मजल गेली. कंपनीचे निशाण लावून गुमास्ते गावोगाव हिंडू लागले, आणि अडविणाऱ्या नाकेदाराला दटावू लागले. मालक कोण, माल कोणाचा, कागद कोणाचा, याचा काही मेळ राहिला नाही.

नबाब मीर कासीमने तक्रारी केल्या. गव्हर्नर व्हॅन्सिटार्टने मुंगेरला जाऊन त्याच्याशी तडजोड केली, की इंग्रजांनी खाजगी व्यापारावर शेकडा 9 जकात द्यावी. कलकत्त्याच्या कौन्सिलने ती धुडकावली. तेव्हा मीर कासीमने 1763 मध्ये एक विलक्षण उपाय योजला. त्याने सर्वांचीच जकात माफ करून टाकली. देशी व्यापारी आणि इंग्रज एका पातळीवर आले, आणि दस्तकाची किंमत एका दिवसात शून्य झाली. ही समता कंपनीच्या नोकरांना सोसवली नाही. युद्ध पेटले. पराभूत मीर कासीम अयोध्येचा नबाब शुजाउद्दौला याच्या आश्रयास गेला. बादशहा शाह आलमही त्यांना मिळाला. आणि 22 ऑक्टोबर 1764 रोजी बक्सरला तिघांच्या सैन्याचा मोड झाला. पुढल्या वर्षीच्या अलाहाबादच्या तहाने शुजाउद्दौलावर पन्नास लाखांचा बोजा बसला, आणि कंपनीला त्याच्या मुलखातही जकातीवाचून व्यापार करण्याची मोकळीक मिळाली.

शुजाउद्दौलाची राजधानी फैजाबाद. त्याचा मुलगा आसफउद्दौला याने 1775 मध्ये ती लखनौला आणली. लखनौहून फैजाबादकडे जाणाऱ्या याच जुन्या रस्त्याच्या कडेला, फार पुढे, आपल्या काळात इंदिरानगर वसले. या भागातील व्यापाराची घडी 1788 मध्ये कंपनीशी झालेल्या व्यापारी तहाने पुन्हा बसविण्याचा प्रयत्न झाला, पण 1856 मध्ये सबंध अयोध्याच खालसा झाली. या साऱ्या उलथापालथीची कारणे अनेक होती, हे खरेच. तथापि त्यांपैकी एक कारण म्हणजे नाक्यावर दाखवावयाचा एक कागद. अधिकार एकाचा, फायदा दुसऱ्याचा आणि नुकसान तिसऱ्याचे अशी त्याची वाटणी झाली होती.

एकोणिसाव्या शतकात देशांतर्गत नाक्यांचे जाळे हळूहळू उठले. बंगालमधील रवन्ने आणि चौक्या यांच्या जुलमावर चार्ल्स ट्रेव्हेलियनने कडक अहवाल लिहिला. 1836 मध्ये बंगालमधील, 1838 मध्ये मुंबई इलाख्यातील आणि 1844 मध्ये मद्रासमधील अंतर्गत जकाती रद्द झाल्या. वाटेवरचे नाके गेले तसा हुंडेकऱ्याचा मूळ धंदाही गेला. परंतु शब्द मात्र टिकला. मालवाहतूक करणाऱ्यांना हुंडेकरी म्हणण्याची चाल राहिली, आणि आजही महाराष्ट्रात ते आडनाव आढळते. शहरांच्या वेशीवरील जकात तर त्यानंतरही दीर्घकाळ चालली. मुंबईत दहिसर, मुलुंड, मानखुर्द येथील नाक्यांवर मालमोटारींच्या रांगा आणि त्यांचे कागद करून देणारे एजंट हे दृश्य 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू होईपर्यंत लोकांनी पाहिले आहे.

समुद्रावरची जकात मात्र राहिली, वाढली, आणि तिच्याबरोबर मुखत्याराचे कामही वाढले. येथे कायद्याने पाऊल टाकले. 1872 च्या करार कायद्याने सर्वसाधारण तत्त्व सांगितले, की मुखत्याराने अधिकाराच्या मर्यादेत केलेली कृती मालकाने स्वतः केल्याप्रमाणेच त्याला बांधते. स्वतः करण्याचे पत्करलेले काम मुखत्याराने परस्पर तिसऱ्यावर ढकलू नये, हेही सामान्यतः त्यात आले. 1962 च्या सीमाशुल्क कायद्याने हे तत्त्व नाक्यावर आणले. त्याच्या 146 व्या कलमाप्रमाणे हा धंदा परवान्यावाचून करता येत नाही. 147 वे कलम अधिक मोलाचे आहे. मालकाने करावयाचे काम मुखत्याराने केले, तर ते मालकाच्या माहितीने व संमतीनेच झाले, असे उलट सिद्ध होईपर्यंत धरले जाते. दुसऱ्या बाजूने, असा अधिकार दिलेला मुखत्यार त्या मालाच्या बाबतीत स्वतः मालक असल्याप्रमाणे जबाबदार धरला जातो. मात्र त्याचा लबाडीचा, हयगयीचा किंवा कसुरीचा दोष नसताना शुल्क कमी भरले गेले असेल, तर ते आधी मालकाकडूनच वसूल करावयाचे. तेथून वसूल होण्याजोगे नसेल तरच त्याच्याकडे वळावयाचे.

या धंद्याला प्रथम कस्टम हाऊस एजंट म्हणत. 2013 पासून कायद्यात कस्टम्स ब्रोकर हे नाव आले. 2018 च्या नियमांप्रमाणे त्याने प्रत्येक मालकाकडून अधिकारपत्र घेतले पाहिजे, त्याची ओळख व पत्ता खात्रीच्या कागदांवरून पडताळला पाहिजे, आणि मालक कायद्याबाहेर जात असेल तर त्याला सावध करून अधिकाऱ्यांच्या कानावर घातले पाहिजे. कौटिल्याचे लेखनिक विचारीत तेच प्रश्न आता ब्रोकरने आधी विचारावयाचे आहेत.

हा सगळा इतिहास एकत्र ठेवून पाहिला म्हणजे एक गोष्ट स्पष्ट दिसते. कायद्याने नवे काही शोधून काढले नाही. अधिकार आणि जबाबदारी यांना एकत्र बांधण्याची हुंडेकऱ्याची जुनी रीत त्याने लेखी केली, आणि दस्तकाच्या अनुभवातून शिकून त्याभोवती कुंपण घातले. दुसऱ्यावर काम सोपविणे हा कमकुवतपणा नव्हे. त्यावाचून व्यापार चालत नाही, संसारही चालत नाही. पण सोपविणे म्हणजे हात झटकणे नव्हे. आपण सही केलेल्या पत्रावर मालाचे वर्णन खोटे लिहिले गेले, किंमत कमी दाखविली गेली, तर ती आपलीच कृती आहे असे कायदा प्रथमदर्शनी मानतो. म्हणून अधिकारपत्रात कोणाला अधिकार दिला, कोणत्या मालापुरता दिला आणि किती काळापुरता दिला, एवढे तरी पाहावे. कोऱ्या कागदावर सही कधी करू नये.

मुखत्यार म्हणजे निवडलेला, हे आरंभी सांगितलेच. निवडलेल्याचे दोष शेवटी निवडणाऱ्याच्या पदरात पडतात. पेशवाईतल्या व्यापाऱ्याला हे पक्के ठाऊक होते. म्हणून हुंडा कमी मागणाऱ्यापेक्षा ज्याचा शब्द सगळ्या नाक्यांवर चालतो, असा हुंडेकरी तो शोधीत असे.