माशासाठी माशी, माशीसाठी रानकोंबडा

जव्हार-मोखाड्याच्या मुलांना वलगणीचे मासे पुस्तकातून शिकवावे लागत नाहीत. पहिला मोठा पाऊस झाला की ओढ्यांतले मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट चढतात, भातखाचरांत शिरतात आणि गाव ते पकडायला धावते. अटलांटिक महासागरातला सामन मासा हेच करतो, फक्त त्याचा प्रवास फार लांबचा असतो. (मुंबईच्या बाजारात रावसाला 'इंडियन सामन' म्हणतात. त्याचे या माशाशी काहीही नाते नाही.) समुद्रात वाढलेला सामन अंडी घालायला स्कॉटलंड, आयर्लंड, नॉर्वे येथल्या नद्यांत शिरतो आणि नदीत आल्यावर खाणे जवळजवळ बंद करतो. मग तो गळाला तोंड का लावतो? चिडून, की समुद्रातल्या सवयीने? तज्ज्ञांचे यावर आजही एकमत नाही.

या न खाणाऱ्या माशाभोवती एक चमत्कारिक कला वाढली आणि तिचा एक धागा थेट आपल्या सह्याद्रीपर्यंत येतो.

ट्राउट मासा पाण्यावरचे किडे खातो. त्याला फसवायचे तर गळावर पिसे, लोकर, दोरा बांधून किड्याची हुबेहूब नक्कल करावी लागते. या नकली किड्याला इंग्रजीत नुसते 'फ्लाय', म्हणजे माशी, म्हणतात. सामन मात्र काही खातच नाही, तेव्हा नक्कल तरी कशाची करायची? एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश शौकिनांनी याचा अर्थ 'वाटेल ते बांधा' असा घेतला. साम्राज्याच्या जहाजांतून जगभरची पिसे लंडनला येतच होती. १८५० च्या सुमाराला प्रसिद्धीस आलेल्या 'जॉक स्कॉट' नावाच्या एकाच माशीत मोर, टूकन, मकाव, सोनेरी फेझंट, शहामृग, माळढोकाच्या कुळातला पक्षी अशी दहाहून अधिक पक्ष्यांची पिसे लागत. १८९५ साली जॉर्ज केल्सनने अशा माश्यांच्या कृतींचा जाडजूड ग्रंथच काढला. स्वयंपाकाच्या पुस्तकाप्रमाणे त्यात साहित्य व क्रम दिलेला असे, आणि जिन्नस बदललेला खपत नसे. सामनला या काटेकोरपणाची गरज होती असे मानायला मला काही आधार दिसत नाही.

माशी बांधायची रीत पाहण्यासारखी आहे. जुन्या गळांना डोळा नसे. रेशीमकिड्याच्या ग्रंथी ताणून काढलेल्या चिवट तातीचा फास गळाला बांधून डोळा केला जाई. मेण लावलेल्या रेशमी दोऱ्याने अंग गुंडाळायचे, त्यावर रुपेरी जर फिरवायची. मग पंख. वेगवेगळ्या पक्ष्यांच्या पिसांच्या अरुंद पट्ट्या शेजारी ठेवून बोटाने चोळल्या की त्या एकमेकींना चिकटून एकच रंगीत पीस तयार होते. यात डिंक नसतो. पिसाच्या दांड्यातून निघणाऱ्या प्रत्येक धाग्याला आणखी बारीक धागे असतात व त्यांवर सूक्ष्म आकडे असतात. ते आकडे शेजारच्या धाग्यात अडकतात. वर्गात कोंबडीचे पीस मध्येच फाडून पुन्हा बोटाने सारखे करून दाखवा, भिंग असेल तर उत्तमच.

शेवटी डोक्याजवळ दोन्ही बाजूंना एकेक 'डोळा' लावत, आणि तो असे करड्या रानकोंबड्याच्या मानेचा. हा पक्षी फक्त भारतातला. दक्षिण गुजरातेतल्या डांगपासून सह्याद्रीने खाली केरळपर्यंत त्याचा मुलूख पसरला आहे आणि जव्हार-मोखाड्याचे डोंगर त्याच पट्ट्यात येतात. नराच्या मानेवरच्या लांबट पिसांत टोकाकडे दांडाच रुंद व चपटा होतो आणि त्याचा गुळगुळीत, पिवळट-पांढरा ठिपका बनतो. मेणाचा थेंब पडून वाळावा तसा तो दिसतो, पण मेण तिथे नसते. आपल्या नखात असते त्याच केराटिनचा तो बनलेला असतो. म्हणूनच तो पाण्यात विरघळत नाही आणि भिजला तरी चमकतो.

हा सगळा थाट मादीसाठी. विणीचा हंगाम संपला की पावसाळ्यात नर ही पिसे गाळतो आणि काही काळ आखूड, काळपट पिसांवर राहतो. मग गळालेली पिसे गोळा करून भागले नसते का? ती रानभर एकेक करून पडतात, आणि बांधणाऱ्याला तर लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने लावलेली पिसे हवी असत. तो क्रम मानेच्या अखंड कातडीवरच मिळतो. त्यामुळे व्यापार झाला तो कातड्यांचा, म्हणजे मारलेल्या नरांचा. बायकांच्या टोप्यांसाठी होणारी पिसांची निर्यात याहून कितीतरी मोठी होती. अखेर १९०२ साली हिंदुस्थान सरकारने रानपक्ष्यांच्या पिसांची निर्यात बंद केली. ब्रिटनने आयातीवर बंदी घालायला १९२१ साल उजाडले. मधल्या काळात आणि नंतरही चोरटा माल जातच राहिला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीलाच आळा घातला.

माश्या बांधणारे मात्र संपले नाहीत. सामन आणि उत्तर अमेरिकेतला स्टीलहेड यांच्यासाठी आज बहुतेक जण रंगवलेली कोंबडीची पिसे व केस वापरतात. रानकोंबड्याची पिसेही पिंजऱ्यात पैदास केलेल्या पक्ष्यांची मिळतात. पण केल्सनच्या कृती जुन्याच जिनसांनी बांधायच्या असा हट्ट धरणारा एक पंथ आहे. त्यांच्या माश्या पाण्यात जात नाहीत, चौकटीत जातात. जून २००९ मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंग येथील संग्रहालयातून एका तरुण बासरीवादकाने २९९ पक्ष्यांची कातडी चोरली, ती याच बाजारासाठी. त्यांत आल्फ्रेड रसेल वॉलेसने जमवलेले नमुनेही होते. पोलिसांना त्याच्या घरी १७४ कातडी अखंड सापडली, पण पायाला बांधलेले लेबल त्यांतल्या १०२ वरच उरले होते. लेबलावर पक्षी कुठे व कधी मिळाला ते लिहिलेले असते. ते गेले की शास्त्रज्ञाच्या हाती नुसती सुंदर पिसे राहतात.

एका पक्ष्याच्या ठावठिकाण्याला इतके महत्त्व कशासाठी, हे रानकोंबड्यावरूनच पाहता येईल. करड्या रानकोंबड्याचे शास्त्रीय नाव गॅलस सोनेराटी. अठराव्या शतकात त्याचे वर्णन करणाऱ्या पिएर सोनेरा या फ्रेंच निसर्गअभ्यासकावरून ते पडले. पाळीव कोंबडीचा पूर्वज कोण, यावर पुढे बराच वाद झाला. १८६८ साली डार्विनने तांबड्या रानकोंबड्याच्या बाजूने कौल दिला, आणि करड्याला वगळले. मुख्य पूर्वज तांबडाच, हे आजही मान्य आहे. परंतु २००८ साली स्वीडनमधल्या उप्साला येथील संशोधकांनी कोंबडीच्या पिवळ्या कातडीचा जनुक तपासला, तेव्हा तो तांबड्याशी जुळेना, करड्याशी जुळला. खाद्यातली पिवळी द्रव्ये फोडणारे विकर हा जनुक बनवतो. करड्याकडून आलेल्या प्रकारात ते कातडीमध्ये कमी बनते, त्यामुळे मका आणि हिरव्या पाल्यातला पिवळा रंग कातडीत साठतो. म्हणजे केव्हातरी, भारतात किंवा भारताच्या आसपास, पाळीव कोंबडीत या रानकोंबड्याचे रक्त मिसळले.

जव्हारच्या बाजारात पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या दिसल्या तर विद्यार्थ्यांना त्यांचे पाय पाहायला सांगा. ज्यांचे पाय पिवळे, त्यांच्यात हा जनुक असण्याचा संभव दांडगा आहे.