‘एकच प्याला’मधील सुधाकर : एकाच स्वभावाच्या दोन बाजू

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक आपल्या मंडळातील बहुतेकांना निदान नावाने तरी माहीत आहे. दारूचे दुष्परिणाम दाखवणारे नाटक, अशीच त्याची ओळख करून दिली जाते. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. त्यातील नायक सुधाकर हा मुळात सज्जन माणूस. त्याच्या हातून भयंकर गोष्टी घडतात. मग त्याला चांगला म्हणायचे की वाईट? या प्रश्नाच्या अनुषंगाने नाटकाची आणि सुधाकरच्या स्वभावाची ओळख करून घेऊ.

नाटककार आणि नाटक

गडकरी यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी गुजरातमधील नवसारी येथे झाला. ‘गोविंदाग्रज’ या नावाने त्यांनी कविता लिहिल्या आणि ‘बाळकराम’ या नावाने विनोदी लेखन केले. २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळच्या सावनेर येथे, वयाच्या अवघ्या ३३व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. त्याच वर्षी फेब्रुवारीत बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीने पहिला प्रयोग केला. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर या दोन्ही भूमिका गाजल्या. पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी लिहिली होती. नाटककाराचा जन्म नवसारीचा आणि पहिला प्रयोग बडोद्याचा, हे आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

कथानक थोडक्यात

सुधाकर हुशार वकील आहे. स्वतःच्या बुद्धीवर पुढे आलेला, मानी आणि बायकोवर जीव असलेला. बालविधवा बहीण शरद हिची जबाबदारीही त्याच्यावर आहे. न्यायालयात मुन्सफाशी खटका उडतो, अपमान होतो आणि त्याची सनद काढून घेतली जाते. तो अपमान त्याला सहन होत नाही. त्याचा कारकून तळीराम मन शांत करण्याचा उपाय म्हणून पहिला प्याला पुढे करतो. एकच प्याला, म्हणून. पुढे संसाराची धूळधाण होते. श्रीमंत माहेर असूनही सिंधू तिथली मदत घेत नाही, दळणे दळून घर चालवते. शेवटी दारूच्या अंमलात सुधाकरच्या हातून तान्हे मूल जाते आणि सिंधूलाही जीवघेणा मार बसतो. शुद्धीवर आल्यावर तो विष कालवलेला प्याला पिऊन आपला शेवट करतो.

दुष्टपणा बाहेरून आला का?

इंग्रजी साहित्यात या विषयाचे नेहमी दिले जाणारे उदाहरण म्हणजे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची १८८६ सालची डॉ. जेकिल आणि मिस्टर हाइड यांची कथा. तिथेही पेय आहे. सज्जन डॉक्टर ते पितो आणि त्याच्यातील दुष्ट भाग वेगळे शरीर, वेगळे नाव घेऊन बाहेर पडतो.

सुधाकरचे तसे होत नाही. प्याला घेतल्यावर दुसरा कोणी माणूस अवतरत नाही. तो सुधाकरच राहतो. ज्या मानीपणामुळे तो कोणापुढे न वाकता वकील झाला, तोच मानीपणा अपमान गिळू देत नाही. ज्या हळवेपणामुळे तो सिंधूवर प्रेम करतो, त्याच हळवेपणामुळे साधा शब्दही त्याला लागतो. बुद्धी तर पिण्याचे समर्थन करण्याच्या कामी येते.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. दुहेरी नोंद पद्धतीत आम्हाला पहिला धडा असा मिळाला की प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात. तीच रक्कम एका खात्यात जमा पडते, दुसऱ्या खात्यात नावे पडते. सुधाकरचा मानीपणा ही अशीच एक रक्कम आहे. ती कोणत्या बाजूला पडेल, हे बरेचसे प्रसंगावर आणि सोबतीवर ठरते.

इतर पात्रांतील दुहेरीपणा

गडकऱ्यांनी हा विचार एकट्या सुधाकरपुरता ठेवलेला नाही. तळीराम हा मोहात पाडणारा, पण तोही बुडणाराच आहे. मद्यपींच्या ‘आर्य मदिरा मंडळा’चे प्रसंग आपल्याला हसवतात, आणि तळीराम त्यातच संपतो. रामलाल हा सुधाकरचा सच्चा मित्र. शरदला तो मुलीसारखी मानतो, तरी तिच्याविषयी एक वेगळी ओढ आपल्या मनात शिरल्याचे त्याला जाणवते आणि तो स्वतःलाच दोष देतो. नाटकातला सर्वांत शहाणा माणूसही आतून निर्मळच असेल असे नाही. फरक एवढाच की तो स्वतःला वेळेवर ओळखतो.

सिंधूबद्दल आजच्या वाचकाला प्रश्न पडतो. मरतानाही ती नवऱ्याचे नाव घेत नाही, आपण पडलो असे पोलिसांना सांगते. त्या काळी याकडे पातिव्रत्य म्हणून पाहिले गेले. आज आपल्या मुली-सुनांनी हे आदर्श मानावे असे कोणी म्हणणार नाही. चांगुलपणाने झाकून ठेवलेला अत्याचार वाढतच जातो, हेही या नाटकातून दिसते.

भगीरथ का सावरला?

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मला भगीरथात दिसतो. हा तरुणही प्रेमभंगामुळे दारूकडे वळलेला आणि त्याच मदिरा मंडळात बसणारा. रामलाल त्याला बाहेर काढतो, लोकसेवेचे ध्येय त्याच्यापुढे ठेवतो आणि तो सावरतो. सुधाकरही मध्यंतरी दारू सोडण्याचा निश्चय करून काम मागायला निघतो. प्रतिष्ठित मंडळी त्याला अपमानित करून परत पाठवतात, आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो, यावेळी कायमचाच. पहिला प्याला तळीरामाने दिला होता. या दुसऱ्याला मात्र पांढरपेशा समाजाचाही हात लागला आहे.

हे वाचताना मला माझ्या नोकरीतील एक गोष्ट आठवते. मी शाखेत अधिकारी असताना आमचे एक रोखपाल व्यसनावर उपचार घेऊन कामावर परतले. माणूस सचोटीचा, एका पैशाचा फरक कधी आला नव्हता. मी त्यांना रोखीऐवजी आवक-जावकच्या टेबलावर बसवले. सुरुवातीचे काही दिवस ते बरोबर होते असे मी आजही मानतो. दुसऱ्याच्या पैशाची जबाबदारी होती. पण ‘सुरुवातीचे दिवस’ संपल्याचे मी त्यांना कधी सांगितलेच नाही. चहाच्या वेळी आम्ही सारे एकत्र बसायचो, ते आपल्या टेबलावर एकटे असायचे. त्यांना हाक कोणी मारली नाही, मीही नाही. सात-आठ महिन्यांत ते पुन्हा पिऊ लागले. दोष सगळा माझा होता असे नाही, पण माझ्या बाजूला एक नोंद राहिलीच.

नाटक वाचताना

सुधाकरची जबाबदारी यामुळे कमी होत नाही. मूल त्याच्याच हातून जाते आणि गडकरी त्याला माफ करत नाहीत. पण तो राक्षस होता असे म्हणून प्रेक्षकाला सुटकाही देत नाहीत. म्हणूनच शंभर वर्षे उलटून गेली तरी हे नाटक जुने होत नाही.

मलकपेठेतल्या आपल्या वस्तीत सगळे एकमेकांना ओळखतात. एखाद्या घरात असे काही चालले असेल तर ते चार दिवसांत सर्वांना कळते, आणि तो माणूस सुधारायचे म्हणतो तेव्हाही कळते. पुढच्या गणेशोत्सवात या नाटकाचा एखादा प्रवेश बसवायचा झाल्यास माझी सूचना आहे की शेवटचा करुण प्रवेश न निवडता सुधाकर काम मागायला जातो तो निवडावा. आणि उत्सवाच्या वर्गणीची यादी करताना, ज्यांच्या दारी आपण हल्ली जात नाही, त्यांचेही नाव यादीत असावे.