वैद्य कोण होणार?

गेल्या पावसाळ्यात आगाशीला बहिणीकडे मुक्काम पडला होता. पाऊस असा लागला की विरार स्टेशनापर्यंत जाण्याचीही सोय उरली नाही. भाची संगणकापुढे बसून एका मायावी खेळातले आपले पात्र घडवीत होती. देशोदेशीचे अनोळखी लोक या खेळात पाच-पाच जणांची टोळी करून राक्षसांवर चालून जातात. एक जण ढाल पुढे करून मार खातो, त्याला ही मुले 'टँक' म्हणतात. तिघे हाणामारी करतात. पाचवा मागे राहून साऱ्यांच्या जखमा बऱ्या करतो, तो 'हीलर'. भाचीने हे पाचवे काम पत्करले.

"दुसरं कुणी होतच नाही, मामा. सगळे खोळंबून बसतात."

त्याच रात्री टँक भान न ठेवता पुढे धावला आणि मेला. शिव्या मात्र वैद्याला! पोरीने मुकाट्याने संगणक बंद केला आणि जेवायलाही आली नाही.

मी इतिहासाचा मास्तर. पेन्शनीत निघालो तरी खोड जात नाही. हा वैद्य आला कुठून, ते मी शोधू लागलो.

मूळ सापडते १९७४ साली अमेरिकेत. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद, पेन्सिल आणि फासे यांवर खेळायचा खेळ छापला. त्यात योद्धा, जादूगार आणि धर्मोपदेशक असे तीनच पेशे होते. यातला धर्मोपदेशक आर्नेसनच्या घरच्या मंडळीत आधीच जन्मला होता, आणि तो जखमा बांधायला मुळीच नव्हे! एका गड्याचा रक्तपिपासू वेताळ फार माजला, त्याला आवरायला हा उभा केला. म्हणजे आमचा वैद्य मुळात पंचाक्षरी. धारेचे शस्त्र त्याला वर्ज्य, गदा चाले. गंमत अशी की पहिल्या पायरीवर त्याला एकही मंत्र येत नसे. दुसरी पायरी गाठावी तेव्हा कुठे किरकोळ जखम बरी करता येई.

पात्र घडवताना सहा गुणांचे आकडे फाशांनी ठरत. जादूगाराला बुद्धी हवी, धर्मोपदेशकाला शहाणपण. हे दोन वेगळे गुण आहेत एवढे त्या अमेरिकनांना कळले, याचे मला कौतुक वाटते. आमच्या शाळाखात्याला अजून कळायचे आहे.

पुढचा इतिहास मात्र सगळा मनधरणीचा आहे. १९९९ च्या 'एव्हरक्वेस्ट'मध्ये पूर्ण बरे करणारा मंत्र म्हणायला दहा सेकंद लागत. म्हणून मोठ्या लढाईत धर्मोपदेशक रांग लावून, सेकंद मोजत, पाळीपाळीने तो म्हणत. लढाई पाहायला सवड कुणाला? २००० साली 'डंजन्स'च्या तिसऱ्या आवृत्तीने तयार ठेवलेला दुसरा मंत्र मोडून ऐनवेळी जखम बरी करण्याची मुभा दिली. २०११ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने ज्या कामाला माणूस मिळत नाही ते पत्करणाऱ्याला वरकड बक्षीस लावले. २०१२ साली 'गिल्ड वॉर्स २' वैद्याचे वेगळे कामच काढून बाजारात आला. तीन वर्षांत त्याला ते परत आणावे लागले.

चौथ्या दिवशी उघडीप मिळाली. भाचीला घेऊन वसईच्या किल्ल्यात गेलो. फ्रान्सिस्कन देवळाच्या पडक्या भिंतींशी तिला गोन्सालो गार्सियाची हकीगत सांगितली. १५५७ च्या सुमारास वसईत जन्मलेला हा मुलगा जेझुइटांबरोबर जपानात गेला, पुढे व्यापारात जम बसवला, आणि तो सोडून मनिलात फ्रान्सिस्कनांचा साधा सेवकबंधू झाला. १५९३ मध्ये दुभाषा म्हणून तो त्यांच्याबरोबर पुन्हा जपानात उतरला. त्या मंडळींनी क्योतोत कुष्ठरोग्यांसाठी इस्पितळे उभारली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत पंचवीस सोबत्यांसह त्याला क्रुसावर चढवले. १८६२ साली तो संत ठरला.

"म्हणजे त्याने पेशा बदलला," भाची म्हणाली. "आमच्यात तसं केलं की पहिल्या पायरीपासून सुरुवात."

"बक्षीसही नव्हतं त्याला," मी म्हणालो. ती काही बोलली नाही.

रात्री ती पुन्हा खेळायला बसली. पाच जण जमताच तिने टँकला आधीच लिहून कळवले : मी म्हणेन तेव्हाच पुढे जायचं.