'हीन' कोणाला म्हणायचे? लेण्याद्रीचे शिलालेख आणि विनयातला एक नियम

जुन्नरच्या उत्तरेला पाचेक किलोमीटरवर, गोळेगावाजवळ लेण्याद्रीचा डोंगर आहे. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून गेले की तीसेक बौद्ध लेण्यांची रांग लागते. क्रमांक सातच्या मोठ्या विहारात आज गिरिजात्मज गणपतीचे मंदिर आहे आणि बहुतेक लोक तिथूनच खाली उतरतात. शेजारचे सहावे लेणे म्हणजे चैत्यगृह. या लेण्यांची माहिती वाचायला घेतली की पहिल्या दोन-चार ओळींतच 'हीनयान काळातील लेणी' हे शब्द भेटतात. पुस्तकात तेच, स्पर्धा परीक्षेच्या गाईडमध्ये तेच. आपले तरुणही धम्मसहलीत ते सहज उच्चारतात. हीन म्हणजे हलका, खालच्या दर्जाचा. लेणी खोदणाऱ्यांनी स्वतःला असे कधी म्हटले होते का?

नाही. 'हीनयान' हे कोणत्याही पंथाने स्वतःसाठी घेतलेले नाव नाही. पालि तिपिटकात ते पंथाचे नाव म्हणून येत नाही. महायानाच्या ग्रंथांनी जुन्या मार्गाला कमी लेखण्यासाठी हा शब्द वापरला. चिनी भाषांतरकारांनी त्यासाठी बहुधा 'लहान यान' असा त्यातल्या त्यात सौम्य शब्द घेतला. एकोणिसाव्या शतकात जेम्स बर्जेस यांच्यासारख्या अभ्यासकांनी आपल्या लेण्यांची हीनयान आणि महायान अशी वाटणी केली आणि एका वादातली शिवी कालखंडाचे नाव होऊन बसली.

आता खुद्द जुन्नरच्या दगडावर काय लिहिले आहे ते पाहू. सहाव्या लेण्यातला ब्राह्मी लेख सांगतो की हे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याचे दान आहे. हेरणिक म्हणजे सोनार किंवा खजिनदार. जुन्नरच्या परिसरातल्या दुसऱ्या एका लेखात इरिल नावाच्या यवनाने दोन पाण्याच्या टाक्या, म्हणजे 'पोढी', दिल्याची नोंद आहे. संपूर्ण चैत्यगृह कुठे आणि दोन टाक्या कुठे! पण दोन्हीसाठी शब्द एकच, 'देयधम'. मोठ्या दानाला मोठा आणि छोट्याला हलका शब्द नाही. 'यवन' हा शब्दही तिथे दात्याची ओळख म्हणून कोरला आहे. पुढे बखरींत तो मुसलमानांना हिणवण्यासाठी कसा वापरला गेला, हे वाचकांना ठाऊक आहे.

जुन्नरच्याच लेखांत वसकार आणि कासकार यांच्या श्रेणी येतात. वसकार म्हणजे बांबूकाम करणारे, आजच्या भाषेत बुरूड. कासकार म्हणजे कासार. दानाची रक्कम या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवली जाई आणि दर महिन्याच्या व्याजातून ठरलेला खर्च होई. म्हणजे टोपल्या-सुपे विणणाऱ्यांची संघटना पैसे सांभाळण्याइतकी विश्वासाची होती. गावगाड्यात बुरडाला पुढे कुठे बसवले गेले, ते आठवून हा लेख वाचावा.

याचा अर्थ त्या काळी समाजात उच्च-नीच नव्हते असा मात्र नाही. तसे सांगणारी भाषणे आपल्याकडे होतात, पण ती टिकणारी नाहीत. उच्च-नीच होते, हे विनयपिटकच सांगते. भिक्खूंसाठीच्या पाचित्तिय नियमांतला दुसरा नियम 'ओमसवाद', म्हणजे हिणवून बोलण्याविषयी आहे. त्याच्या विवरणात त्या काळच्या हीन शब्दांची यादीच दिली आहे. जन्माने हीन म्हणून चंडाल, वेण, निषाद, रथकार, पुक्कुस. हीन काम म्हणून कोठाराची राखण आणि 'पुप्फछड्डक', म्हणजे निर्माल्य-केरकचरा काढणे. हीन शिल्प म्हणून बुरूडकाम, कुंभारकाम, विणकाम, चांभारकाम, न्हावीकाम. शेती, व्यापार आणि गोपालन उच्च कामांत आहेत. हिशेब आणि लेखन उच्च शिल्पांत. हीन गोत्रांत चक्क भारद्वाज आहे! आज कोणा भारद्वाजगोत्री गृहस्थाला हे सांगून पाहावे.

ही विसंगती विनयकारांच्याही ध्यानात होती असे दिसते. त्या त्या जनपदात जे तुच्छ मानले जाते ते हीन, असे विवरण म्हणते. म्हणजे हीनपण कामात किंवा माणसात नाही, ते प्रदेशाप्रदेशाच्या समजुतीत आहे. यादी दिली आहे ती मान्यता म्हणून नव्हे, कोणते शब्द तोंडातून काढायचे नाहीत हे कळावे म्हणून. भिक्खूने दुसऱ्या भिक्खूला जात, नाव, गोत्र, काम, शिल्प, आजार, शरीराची ठेवण अशा कशावरूनही हिणवले तर पाचित्तिय दोष लागतो. उच्च शब्द टोमणा म्हणून मारला तरी दोष तोच. केवळ थट्टेने बोलले तरी सुटका नाही. दोष हलका, पण 'दुब्भासित' म्हणून नोंदलेला. 'गंमत केली रे' ही सबब तेव्हाही चालत नव्हती.

नियमाच्या मुळाशी कथा आहे ती छब्बग्गिय भिक्खूंची. ते चांगल्या भिक्खूंना असेच टोचून बोलत. तेव्हा भगवंतांनी तक्षशिलेच्या नंदिविसाल बैलाची गोष्ट सांगितली. मालकाने पैजेच्या वेळी 'लबाडा, ओढ' असे हाकारताच बैल जागचा हलला नाही. गोड शब्दाने हाक दिली तेव्हा शंभर गाडे ओढून नेले.

आणि संघात कोण होते? पहिल्या संगीतीत विनयाचे संगायन केले ते स्थविर उपालि मूळचे न्हावी. थेरगाथेतले स्थविर सुनीत आपले पूर्वीचे काम सांगतात ते 'पुप्फछड्डक' याच शब्दाने, कसलाही आडपडदा न ठेवता. स्वतःच्या तोंडून ती हकीकत होते, दुसऱ्याच्या तोंडून शिवी. यादीतल्या शब्दांचा हा फरक आपण विसरतो.

'हीनयान'कडे परत येऊ. 1950 साली कोलंबोत स्थापन झालेल्या जागतिक बौद्ध बंधुत्व परिषदेने श्रीलंका, ब्रह्मदेश, थायलंड इत्यादी देशांच्या बौद्ध धम्मासाठी हा शब्द वापरू नये असे ठरवले. त्या वेळी बाबासाहेब श्रीलंकेत होते. ऑक्टोबर 1956 मध्ये, दीक्षेच्या आदल्या दिवशी नागपुरात पत्रकारांशी बोलताना, आपण लोकांना हीनयान-महायानाच्या भेदात गुंतवणार नाही, असे त्यांनी स्पष्ट केले.

मग लेण्याद्रीसाठी काय लिहावे? अनेक जण 'हीनयान' खोडून 'थेरवाद' लिहितात. हेतू चांगला आहे, पण तेही बरोबर नाही. जुन्नरच्या एका लेखात नगरातल्या धम्मुत्तरिय निकायाच्या भिक्खुणी-उपाश्रयाचा उल्लेख आहे, आणि धम्मुत्तरिय हा थेरवादाहून वेगळा निकाय होता. 'प्रारंभिक बौद्ध लेणी' किंवा लेखात निकायाचे नाव असेल तिथे ते नाव, असे लिहावे. सहलीच्या पत्रकापासून इतकी दुरुस्ती आजही करता येते.

'नवबौद्ध' या सरकारी शब्दाचा प्रश्न थोडा निराळा आहे. 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' ही जोडी रमाई आवास, स्वाधार अशा योजनांच्या कागदांवर आहे आणि अर्ज भरताना ती टाळता येत नाही. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती केंद्रातही मिळाल्या. तो हक्क सोडायचा नाही. पण कागदावरचा शब्द घरात, व्यासपीठावर, लग्नपत्रिकेत आणण्याचे कारण नाही. तिथे 'बौद्ध' पुरेसा आहे.

अवघड भाग आपल्याच बोलण्याचा आहे. स्थळ पाहताना 'ते आपल्यातले, पण खालचे' हे वाक्य आम्ही बौद्ध घरांत ऐकले आहे. गटात नव्याने आलेल्या चर्मकार किंवा मातंग मुलाला त्याच्या जातीवरून 'गमतीने' हाक मारलेलीही ऐकली आहे. विनयाच्या यादीत या दोन्ही बोलण्यांसाठी जागा आहे, पहिल्याला जातीच्या रकान्यात आणि दुसऱ्याला थट्टेच्या.