समुद्राला विचारून उडायचं

आधी तिथी बघा. पौर्णिमा होऊन दोन दिवस झालेत, म्हणजे समुद्राला उधाण आहे. उद्या जायला हरकत नाही.

तुम्ही आत्ता इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, पोर्ट्समथ शहरातल्या एका लहानशा हॉटेलात बसला आहात. वर्ष १९३४, मे महिना संपत आलाय. पुढ्यात चहा आहे, आणि चहाशेजारी जर्सी एअरवेजचं वेळापत्रक. ते जरा नीट वाचा. सोमवारची वेळ मंगळवारी नाही, मंगळवारची बुधवारी नाही. विमान रोज साधारण पाऊण तासानं पुढे सरकतं. तुम्ही कोकणातले असाल तर हे कोष्टक हातात घेतल्याघेतल्या हसाल. ही चाल तुमच्या ओळखीची आहे. भरती रोज एवढीच पुढे सरकते.

कारण सोपं आहे. इंग्लिश खाडीपलीकडे, फ्रान्सच्या कुशीत जर्सी नावाचं बेट आहे, आणि त्या बेटावर विमानतळच नाही. विमानं उतरतात सेंट हेलियर गावाला लागून असलेल्या सेंट ऑबिन्स बेच्या पुळणीवर, ओल्या वाळूवर. ती धावपट्टी समुद्र दिवसातून दोनदा मोकळी करून देतो आणि दोनदा परत घेतो. कंपनीनं आपलं वेळापत्रक समुद्राच्या वेळापत्रकावर बेतलंय.

तेव्हा पेन्सिल घ्या, आपण बेत आखू. मुंबईचे कोळी तिथीची पाऊणपट करून भरतीचा तास काढतात. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला बाराच्या सुमारास. तो हिशेब मात्र इथे लावू नका, फसाल. जर्सीला उधाणाच्या दिवसांत भरती सकाळी आणि संध्याकाळी येते, आणि मुंबईला जेव्हा पाणी कठड्याला धडका देत असतं त्या भर दुपारी इथली पुळण उघडी पडते. उद्याची ओहोटी दोनच्या आसपास. आधी तीन तास, नंतर तीन तास वाळू चाकाला चालेल. म्हणजे अकरापासून पाचपर्यंत. अंतर दोनशे किलोमीटरला थोडं कमी. विमान तासाला पावणेदोनशे किलोमीटर जातं. पावणेदहाला निघालात तर अकराला वाळूवर. परतीचं विमान साडेचारला सुटायलाच हवं. मधले साडेपाच तास तुमचे.

दुसरा मार्ग बोटीचा आहे. साउदॅम्प्टनहून रात्रभर. ज्यांनी या खाडीतला नैऋत्येचा वारा एकदा अंगावर घेतलाय, त्यांना विमानाचं तिकीट महाग वाटत नाही.

सामानात काय घ्याल? पोहण्याचे कपडे, टॉवेल, एक स्वेटर. जाड पुस्तक काढून ठेवा. सकाळी तुम्हाला तोलणार आहेत.

हो, तुम्हालाच. सकाळी विमानतळावरच्या छोट्या इमारतीत काट्यावर आधी पिशवी चढते, मग तुम्ही. मागच्या रांगेतल्या बाई कोट काढून काट्यावर उभ्या राहतात आणि आकडा कुणी मोठ्यानं वाचू नये म्हणून कारकुनाकडे एकटक बघतात. कारकून समंजस आहे, आकडा नुसता लिहून घेतो. मग कुणी पुढे बसायचं, कुणी मागे, हे तोच सांगतो. आठ माणसं आणि एक वैमानिक. एवढ्याशा विमानात प्रत्येकाचं वजन हिशेबात धरावं लागतं.

बाहेर या. विमानतळ म्हणजे एक मोठं गवताळ मैदान. दवानं बूट भिजतात. मैदानाच्या कडेला एअरस्पीड कंपनीचा विमानांचा कारखाना आहे, तिथून लाकूड कापल्याचा आणि कापडाला लावायच्या लाखेचा वास येतो. गोडसर, उग्र, थेट डोक्यात जाणारा. (त्या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक जण रात्री घरी कादंबऱ्या लिहितो. पुढे नेव्हिल शूट म्हणून जग त्याला ओळखेल.) आणि समोर तुमचं विमान: डी हॅविलंड ड्रॅगन. दोन वर्षांपूर्वी जे.आर.डी. टाटांनी कराचीहून मुंबईला ज्या पुस मॉथ विमानातून टपाल आणलं, तेही डी हॅविलंडचंच. ड्रॅगनला एकावर एक असे दोन पंख आहेत, मध्ये दांड्या आणि ताणलेल्या तारा. पोट प्लायवूडचं, वरून कापड. बोटानं हळूच टिचकी मारून बघा. ढोलकीच्या शाईवर पडावी तशी ती वाजते. वैमानिकाचं लक्ष जाण्याआधी हात मागे घ्या.

दार मागच्या बाजूला, डावीकडे. वाकून आत शिरा. वेताच्या खुर्च्या, दोन्हीकडे खिडक्या, आणि मधून चालायची वाट तुम्ही आडवे झालात तरच पुरेल. वैमानिक अगदी नाकाशी एकटा बसतो. त्याची मान, टोपी आणि मांडीवरचा नकाशा तुम्हाला इथून दिसतो. हातात कापसाचे दोन बोळे येतात. कानात घाला, संकोच करू नका. शेजारच्या आजोबांनी कधीच घातलेत.

बाहेर मेकॅनिक पंख्याला हात घालतो. "स्विच ऑफ!" दोनतीन वेळा पंखा फिरवतो. "कॉन्टॅक्ट!" एक जोरदार हिसका, निळा धूर, आणि डावीकडचं इंजिन बोलायला लागतं. मग उजवीकडचं. आता शेजाऱ्याशी बोलायचं विसरा. खुर्ची थरथरते, खिडकीची काच थरथरते, तुमचे दातही. पेट्रोलचा वास, तापलेल्या तेलाचा वास, कुणाच्या तरी कोटाला लागलेला तंबाखूचा वास. मैदानातला प्रत्येक उंचवटा पाठीच्या मणक्याला कळतो. आणि मग एकाएकी काहीच कळत नाही, कारण खाली जमीनच नाही.

खालून आरमाराची करडी जहाजं जातात. समुद्रातच बांधलेले गोल किल्ले जातात. आइल ऑफ वाइट येतं: हिरवं, नीटनेटकं, कडेला खडूचे पांढरे कडे. तेही संपतं, आणि पुढे नुसतं पाणी. आता पोटात जे होतंय ते सगळ्यांच्याच पोटात होतंय. वारा विमानाला उचलतो, सोडतो, पुन्हा उचलतो. पंखांमधल्या तारा थरथरतात. समोरच्या तरुणीनं कागदी पिशवी उघडून मांडीवर ठेवलीय आणि ती क्षितिजाकडे बघतेय. तुम्हीही तेच करा. क्षितिजाकडे बघणाऱ्याला कमी लागतं, हे होडीतल्या माणसांना फार पूर्वीपासून माहीत आहे.

अर्ध्या तासानंतर डावीकडे फ्रान्सचा किनारा धूसर दिसू लागतो, उजवीकडे ऑल्डर्नी बेट. दोघांच्या मधलं पाणी बघा. वरून त्याचे पट्टे स्वच्छ दिसतात, उकळल्यागत खळबळणारे. ती ओहोटी आहे, ईशान्येकडे धावत सुटलेली. तुमच्यासाठी पुळण मोकळी करायला निघालेलं पाणी तुम्हाला वाटेतच भेटतं.

आणि मग जर्सी. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते बेट किती मोठं आहे याचा अंदाजच येत नाही, कारण त्याची कड ठरलेली नाही. इथे उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पाण्यात बारा मीटरपर्यंत फरक पडतो. मुंबईच्या दुपटीहून जास्त. सकाळी जिथे समुद्र होता तिथे आता तांबूस खडकांची रानं उघडी पडलीत, मैलोन्मैल. वैमानिक उपसागरावर एक फेरी मारतो. वारा बघतो, वाळू बघतो, पाण्याची डबकी कुठे आहेत ते बघतो. खाली किनाऱ्याच्या भिंतीवर माणसं ओळीनं उभी आहेत. शेजारून चिमुकली आगगाडी समुद्राच्या कडेकडेनं चाललीय, तिच्या खिडक्यांतून रुमाल हलतायत. वाळू वर येते, वर येते, चाक टेकतं.

टेकण्याचा आवाज होत नाही. सपाट, घट्ट, ओली वाळू चाकाला अलगद घेते. फक्त खालून पाणी उडतं, फर्रर्र करत, आणि खिडकीवर खारे थेंब येतात. पंखे थांबतात. कानातला कापूस काढा. शांतता नाही, मुलं धावत येतायत, कुत्री भुंकतायत, एक माणूस हात पसरून सगळ्यांना मागे सारतोय.

पाय खाली ठेवलात की वास येतो. उन्हात पडलेल्या समुद्रशैवालाचा, खारा, कुजकट. नाक मुरडू नका. इथल्या शेतांचं ते सोनं आहे. घोडागाड्या पार खाली पाण्यापर्यंत जाऊन हे शैवाल भरून आणतात आणि बटाट्याच्या शेतात टाकतात. जर्सीचा नवा बटाटा इंग्लंडच्या ताटात आधी पोचतो तो याच्या जोरावर. आज त्याचा हंगाम ऐन भरात आहे. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर बटाट्याची पिंपं लादलेल्या गाड्यांची ही रांग लागलीय. घोडे फुरफुरतायत, गाडीवाले एकमेकांना हाका मारतायत, त्यातली निम्मी बोली तुम्हाला ना इंग्रजी वाटते ना फ्रेंच. ती इथली स्वतःची नॉर्मन बोली. मध्येच ब्रिटनीहून बटाटा काढायला आलेले मजूर फ्रेंचमध्ये ओरडतात.

त्या गर्दीतून वाट काढत मंडईत चला. लोखंडी खांबांचं उंच छत, मध्ये कारंजं, आणि वरच्या काचांतून गाळून येणारं ऊन. लोण्याचे पिवळेजर्द गोळे, फुलांचे भारे, शेजारच्या मासळीबाजारात काळे लांबलचक वाम आणि पाय हलवणारे खेकडे. सुटे पैसे हातावर पडतील ते वाचून बघा: नाण्यावर पेनी असं लिहिलेलंच नाही, शिलिंगचा बारावा भाग असं लिहिलंय.

आणि आता या सहलीतली माझ्या मते सगळ्यात गोड जागा. गावामागच्या चढावर एका दगडी घराचं स्वयंपाकघर उघडं आहे. चुलीवर कढई, तीत उकळती चरबी. बाई पिठाला पीळ घालून सोडतायत. मैदा, साखर, लोणी, अंडी; आपल्या शंकरपाळ्याला कुणी पीळ घालून फुगवावं तसा पदार्थ. जर्सी वंडर म्हणतात त्याला. एक घ्या. बाहेरून खुसखुशीत, आत मऊ, बोटं तेलकट होतात. आणखी मागाल तर बाई आधी खिडकीतून समुद्राकडे बघतात. वंडर तळायचे ते पाणी उतरत असताना. पाणी चढायला लागल्यावर तळले तर कढईतली चरबीही चढते आणि उतू जाते, असं इथल्या बायका सांगतात. दोन वाजायला अजून वीस मिनिटं आहेत. मिळतील.

मला हे फार मोलाचं वाटतं. इंजिनाचं विमान, कढईतला फराळ, शैवालाची गाडी, तिघांचं घड्याळ एकच. वर आकाशातून आलेल्या पाहुण्यालाही इथे तेच विचारावं लागतं जे घरातल्या बाईला विचारावं लागतं: पाणी कुठवर आलंय?

दुपारी पोहायचा बेत होता ना? समुद्र इतका लांब गेलाय की पोहायला निघालात तर चालण्यातच वेळ जाईल. त्यापेक्षा उघड्या पडलेल्या दगडी वाटेवरून एलिझाबेथ किल्ल्यात जाऊन या. भरतीला तो किल्ला बेट होतो, आत्ता तुम्ही कोरड्या पायांनी जाता. वॉल्टर रॅली इथला गव्हर्नर होता, त्यानंच त्याला राणीचं नाव दिलं. पण तिथे रेंगाळू नका. तटावर उभं राहिलात की दिसेल: दूरवर चमकणारी ती पांढरी रेघ मघापेक्षा जवळ आलीय.

चार वाजता पुळणीवर परत. आता गंमत कमी झालीय, घाई वाढलीय. ड्रॅगन विमानं ओळीनं उभी आहेत, बसमधून प्रवासी उतरतायत, पिशव्या पुन्हा तोलल्या जातायत. तुमच्या पिशवीचं वजन वाढलंय: बटाटे, तंबाखूचा डबा, कागदात बांधलेले वंडर. वैमानिक बुटाच्या टाचेनं वाळू दाबून बघतो. सपाट पुळणीवर पाणी लाटांनी येत नाही. ते घरंगळत, खळग्या भरत, बाजूनं येतं. बघता बघता मघाच्या चाकांच्या खुणा भरल्या. एखाद्या विमानाचं चाक रुतलं तर त्याला ओढायला मिनिटं थोडीच असतात, म्हणून सगळे शांत, पण कुणीही गप्पा मारत नाही. पहिलं विमान सुटतं. दुसरं. तुमचं. दोन्ही बाजूंना पाण्याच्या भिंती उडतात, आणि तुम्ही वर.

पोर्ट्समथला उतरल्यावर मेकॅनिक बादल्या घेऊन धावतात. चाकांवर, तारांवर, कापडावर बसलेलं मीठ लगेच धुवावं लागतं, नाहीतर ते विमान खातं.

मार्च १९३७ मध्ये जर्सीच्या सेंट पीटर भागात पक्का विमानतळ सुरू झाला आणि पुळणीवरचं उतरणं संपलं. वेळापत्रक एकदाचं सरळ झालं. पण स्कॉटलंडच्या ‘बारा’ नावाच्या बेटावर आजही नियमित प्रवासी विमान ग्लासगोहून येऊन थेट पुळणीवर उतरतं, आणि त्याच्या वेळा आजही समुद्रच ठरवतो. जायचं मनात असेल तर जरूर जा, पण तिकिटाच्या आधी भरती-ओहोटीचं कोष्टक उघडा.