मोबाईलवरून डेंग्यूचा माग कसा काढतात? लाहोरचं उदाहरण

प्ले स्टोअरवर डास पळवणारी ॲप्स तुम्ही पाहिली असतील. बारीक आवाजाने डास पळतात असा त्यांचा दावा असतो, पण त्याने डास चावायचे थांबतात याला पुरावा नाही. म्हणून ती इन्स्टॉल करू नका, असंच मी सांगेन. मात्र मोबाईल डेंग्यूविरुद्ध खरोखर कामाला येतो, तो वेगळ्याच पद्धतीने. कसा, ते पाहूया.

मोबाईलच का?

डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. हा डास सहसा काहीशे मीटरच्या पलीकडे उडत नाही. म्हणजे डास कुठे तयार होतायत हे वेळेत कळलं, तर तेवढाच भाग साफ करून साथ आवरता येते. "कुठे" आणि "कधी" या दोन गोष्टी आपला फोन प्रत्येक फोटोसोबत नोंदवू शकतो.

लाहोरमध्ये काय केलं?

२०११ मध्ये पाकिस्तानातल्या लाहोर शहरात डेंग्यूची मोठी साथ आली. हजारो लोक आजारी पडले, ३०० हून अधिक दगावले. त्यानंतर पंजाब प्रांताच्या माहिती तंत्रज्ञान मंडळाने, संगणकतज्ज्ञ उमर सैफ यांच्या नेतृत्वाखाली, एक साधं अँड्रॉइड ॲप बनवलं. सुमारे १,५०० स्वस्त स्मार्टफोन कर्मचाऱ्यांना दिले गेले.

काम असं चालायचं:

१. डबकं किंवा अळ्या दिसल्या की आधी एक फोटो.
२. मग पाणी काढणं, औषध टाकणं किंवा तळ्यात अळ्या खाणारे मासे सोडणं.
३. काम झाल्यावर दुसरा फोटो.
४. जीपीएसचं ठिकाण आणि वेळ यांसह दोन्ही फोटो सर्व्हरवर.

नकाशावर हे फोटो आणि रुग्णांचे पत्ते एकत्र दिसत. कुठे अळ्या वाढतायत ते कळायचं. मला यातला दुसरा फायदा जास्त मोठा वाटतो. कागदावर "फवारणी केली" असं घरबसल्याही लिहिता येतं, पण जागेवर न जाता जीपीएसवाला फोटो पाठवणं अवघड!

२०१२ मध्ये शहरातले रुग्ण काही शेकड्यांवर आले. पण सगळं श्रेय ॲपला देऊ नका. पाऊस, हवामान, लोकांमध्ये आलेली प्रतिकारशक्ती यांमुळेही दरवर्षीचे आकडे बदलतात.

साथ येण्याआधीच कळतं का?

काही प्रमाणात, हो. डेंग्यूच्या चौकशीसाठी पंजाबमध्ये हेल्पलाइन होती. ताप आला की बरेच जण दवाखान्याआधी फोन करतात. तीन लाखांहून अधिक कॉल तपासून संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की, शहराच्या कोणत्या भागात रुग्ण वाढणार याचा अंदाज दोन-तीन आठवडे आधी बांधता येतो. डास तयार व्हायला लागणारे दिवस आठवा. तेवढ्यात सफाई उरकता येऊ शकते.

डास लांब जात नाही, माणूस जातो. २०१३ च्या साथीत पाकिस्तानातल्या सुमारे ४ कोटी मोबाईल ग्राहकांच्या टॉवर नोंदींवरून लोकांचा प्रवास अभ्यासला गेला. डेंग्यू पुढे कुठे आणि कधी पोचेल याचा अंदाज त्यातून आला.

मग प्रायव्हसीचं काय?

प्रश्न रास्त आहे. अशा अभ्यासात नावं आणि नंबर काढून फक्त एकत्रित आकडे वापरायला हवेत. "या गावाहून त्या गावाला किती लोक गेले" एवढं पुरतं. "कोण गेलं" याची गरज नसते.

आपण काय करू शकतो?

- साचलेल्या पाण्याची तक्रार पालिकेकडे करताना फोटोसोबत अचूक लोकेशन द्या. नुसतं "मंदिरामागे" लिहिलं तर कर्मचारी शोधत बसतात.
- स्वतःच्या घराचे लोकेशनवाले फोटो मात्र सगळ्या ग्रुपवर टाकू नका.
- फोनमध्ये दर रविवारचा रिमाइंडर लावा: कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या, टायर, गच्चीवरचे डबे रिकामे करा. आपल्याकडे आरोग्य खातं "कोरडा दिवस" पाळा म्हणतं, तो हाच.

फोन जागा दाखवेल, तारीख लक्षात ठेवेल. पाणी ओतायला मात्र आपल्यालाच उठावं लागेल!